‘गोळ्या खाणे’ आणि ‘गोळी घेणे’ यांत फरक आहे का?

लातूरहून, प्रश्न विचारणारी:

पाळीच्या आदल्या दिवशी माझं डोकं धरतं. डावीच बाजू, डोळ्याच्या मागून थेट मानेपर्यंत. उजेड नको वाटतो, फोडणीचा वास नको वाटतो, एकदोन उलट्या होतात. तिसऱ्या दिवशी आपोआप सुटतं. बरीच वर्षं मी हे पित्त समजून आलेपाक खात होते. मागच्या वर्षी डॉक्टरांनी मायग्रेन म्हणून सांगितलं आणि गोळी लिहून दिली. महिन्याला तीन लागतात, फार तर चार.

आमच्या ह्यांचं मोंढ्यात दुकान आहे. माणूस शांत, आवाज चढवत नाहीत. पण मी गोळीचं पाकीट काढलं की म्हणतात, “काय सारख्या गोळ्या खायलीस, सवय लागंल.” एवढंच. आणि मी पाण्याचा ग्लास खाली ठेवते. कितीदा तरी ती गोळी चार तास उशिरा, ते दुकानाला गेल्यावर घेतली आहे, आणि तोवर तिचा उपयोग संपलेला असतो.

परवा एक गोष्ट लक्षात आली. ते स्वतः रोज बीपीची गोळी घेतात. तिच्याबद्दल विचारतात, “माझी गोळी घेतली का मी?” म्हणजे त्यांच्या वर्षाच्या ३६५ गोळ्या ‘घेतलेल्या’, आणि माझ्या चाळीसेक ‘खाल्लेल्या’. ‘खाणे’ या क्रियापदातच दोष देण्याची छटा आहे का? की माझंच मन दुखावलेलं असल्यामुळे मला तसं ऐकू येतं? जाणकारांनी सांगावं.

परभणीहून, निवृत्त मराठी शिक्षक:

ताई, तुमचं निरीक्षण नेमकं आहे, पण दोष ‘खाणे’वर टाकायला माझं मन घेत नाही. आपल्या भागात गोळी खातातच. माझी आई वडिलांना रोज विचारायची, “शुगरची गोळी खाल्ली का?” त्यात मायेशिवाय काही नव्हतं. शहरी, छापील मराठीत ‘घेणे’ रुळलं आहे, गावात ‘खाणे’. तुमचे यजमान दोन्ही वापरतात, कारण दुकानात दोन्ही भाषा कानावर पडतात.

बोच आहे ती अनेकवचनात. ‘गोळी खाल्ली’ म्हणजे एक घटना, झाली आणि संपली. ‘गोळ्या खाती’ म्हणजे स्वभाव. त्याला ‘सारख्या’ जोडलं की मोजणीच थांबते, मग तीन असोत की तीनशे. “तो पैसे देतो” आणि “तो पैसे वाटत सुटतो” यांत जो फरक, तोच इथं आहे. तुम्ही पुढच्या वेळी शांतपणे “सारख्या म्हणजे किती?” असं विचारून बघा. शब्दाला आकडा विचारला की तो जागेवर येतो.

‘खाणे’बद्दल मात्र एक सांगतो, कारण हे क्रियापद मला फार आवडतं. आपण भाकरी खातो, तसा मारही खातो, शिव्या खातो, बोलणी खातो, ठेचा खातो. मिरचीचा ठेचाही आणि पायाला लागणारी ठेचही. म्हणजे मराठीत खाणारा दर वेळी हावरा नसतो, पुष्कळदा तो सोसणारा असतो. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं “त्यानं रझाकाराची गोळी खाल्ली” असं म्हणायची, तेव्हा आवाजात आदर असायचा. तुमची गोळी त्या अर्थानं खाल्लेली समजा.

आता ‘वेदना’. हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला, ‘वेद’ ज्या धातूचा, त्याचाच. मूळ अर्थ जाणीव, संवेदना. पाली बौद्ध ग्रंथांत वेदना तीन प्रकारची आहे: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. मराठीत येईतो सुखाची वेदना गळून पडली, दुःखाची तेवढी राहिली. पण मुळातला अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे: वेदना म्हणजे जिला होते तिलाच कळणारी गोष्ट. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिचं मोजमाप करता येत नाही.

धाराशिव जिल्ह्यातून:

सरांच्या म्हणण्यात एक भर. आमच्या गावात आजारासाठी ‘औषध घेतलं’ असं शक्यतो कुणी म्हणत नाही. आमच्याकडं औषध म्हणजे फवारणीचं. “अमक्यानं औषध घेतलं” असा फोन आला की ऐकणारा खालीच बसतो. दुष्काळाच्या वर्षांत असे फोन फार ऐकलेत. म्हणून तापासर्दीला आमची आई “गोळी खाल्ली”, “दवाखाना केला” असंच बोलते. ‘घेणे’ हे नेहमी सोवळं क्रियापद असतं असं नाही.

हिंगोलीहून:

नवऱ्याची बाजूही कुणीतरी मांडायला पाहिजे मनून लिहितो. काहून तर माझ्या बायकोलाबी मी असंच म्हणतो. माझे चुलते गुडघ्यासाठी मेडिकलवरून गोळ्या आणून आठ-दहा वर्षं रोज खात होते. किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेडला न्यायचो मी. तेव्हापासून पांढरी गोळी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. रोखायचं नसतं, भ्या वाटतं. पण ते भ्या तोंडातून निघताना “कशाला खातीस” असंच निघतं, हे आज वाचून ध्यानात आलं.

लातूरहून, प्रश्न विचारणारी:

दादा, तुमचं लिहिणं वाचून मी थांबले. आमच्या ह्यांच्या आत्याचंही तसंच झालं होतं, आणि दवाखान्यात तिच्याजवळ हेच असायचे. मी हे कधी जोडून बघितलं नव्हतं.

पण मग एक दुसरा शब्दप्रयोग विचारते. सासूबाई म्हणतात, “आम्ही सगळं अंगावर काढलं.” तक्रार म्हणून म्हणत नाहीत, मिळवलेली गोष्ट सांगावी तसं म्हणतात. आणि नात ताप असताना खेळायला निघाली की त्याच म्हणतात, “ताप अंगावर काढू नये, माय.” एकच प्रयोग, लेकराच्या बाबतीत चूक आणि सुनेच्या बाबतीत गुण, असं कसं?

परभणीहून, निवृत्त मराठी शिक्षक:

चांगला प्रश्न. ‘अंगावर काढणे’ म्हणजे उपचार न करता दुखणं देहानेच निभावून नेणं. आज ऐकाल तर हा प्रयोग बहुतेक नकारातच येतो: “अंगावर काढू नका.” भाषेनं आपला कौल दिलेला आहे. पण ज्या पिढीला दवाखाना बैलगाडीच्या अंतरावर होता आणि नेणारं कुणी नव्हतं, तिनं दुसरं काय केलं असतं? जे टाळता आलं नाही त्याचा अभिमान धरला म्हणजे ते सोपं जातं. सासूबाईंचं वाक्य खोडू नका. मात्र तो नियम म्हणून पाळायचंही कारण नाही.

आणि ‘अंग’ हा शब्द बायकांच्या दुखण्याजवळ फार घोटाळतो. ‘अंगावरून जाणे’, ‘अंगावर पिणारं लेकरू’, ‘अंग बाहेर येणे’. उघड नाव घ्यायचं नाही, मग सगळं ‘अंग’ या एका शब्दात सांगायचं. पाळीचंही तसंच: अडचण, बाहेर बसणं, कावळा शिवणं. नाव नसलेल्या दुखण्याला औषध मागायचं कसं, हा त्या काळातला खरा पेच असणार.

बीडहून, आशा ताई म्हणून काम करणारी:

मी तुमच्यासारखं शुद्ध लिहीत नाही, पण मला या गोष्टीवर बोलायचंच आहे.

आमच्या वाडीवरचे निम्मे लोक दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जातात. तिथं नवराबायको मिळून एक ‘कोयता’. दोघांवर एकच उचल, म्हंजे आगाऊ घेतलेले पैसे. एकजण कामाला नाही आलं की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्या बायांना पाळीत पोट दुखू द्या, डोकं फुटू द्या, नवराच पुडी आणून देतो: खा अन् चल. दुकानातल्या दोन रंगाच्या गोळ्या कागदात बांधलेल्या. कशाच्या हायेत ते देणाऱ्याला माहीत नाही अन् खाणारीलाबी. कितीक बायांनी खाडा नको म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकली. त्याची २०१९ साली सरकारनं चौकशी लावली, तुम्ही पेपरात वाचलंच असंल.

म्हणून ताई, तुमचं वाचून मला वेगळंच वाटलं. तुमच्या घरी गोळी खाऊ नको म्हणतात, आमच्या फडात खाच म्हणतात. दोन्हीकडं बाईला कुणी विचारत नाही की तुला किती दुखायलंय. मी आता बायांना ‘गोळी खाल्ली का’ असं विचारत नाही, ‘कोणती खाल्ली, कितवी खाल्ली’ असं विचारते. सर म्हणले तसं, आकडा विचारला की बाई नीट सांगती.

नांदेडहून:

एक लहानशी नोंद. पाळीत दुखतं ते पोट आणि डोकं. आणि मराठीनं नेमके हेच दोन शब्द दुसऱ्या कामाला लावलेत. ‘पोटदुखी’ म्हणजे दुसऱ्याचं बरं न बघवणं, ‘डोकेदुखी’ म्हणजे कटकट. रोज पेपरात ‘अतिक्रमण ठरतंय पालिकेची डोकेदुखी’ वाचणाऱ्याला घरातली डोकेदुखीही तेवढीच वाटत असेल. मी तर आता ‘अर्धशिशी उठली’ असंच म्हणते. त्या शब्दाला घरात अजून वजन आहे.

अंबाजोगाईहून, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर:

नांदेडच्या ताईंच्या ‘अर्धशिशी’वरून सुरू करते. ‘अर्धशिशी’त अर्धं शीर्ष आहे, आयुर्वेदातल्या ‘अर्धावभेदक’मध्येही अर्धं आहे. ‘मायग्रेन’ हा ग्रीक ‘हेमिक्रेनिया’चा फ्रेंचमधून आलेला अवतार, त्याचाही अर्थ अर्धी कवटी. निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी एकाच दुखण्याला एकच नाव दिलं. तेव्हा हा हल्लीच्या बायकांचा नाजूकपणा आहे असं कुणी म्हणालं, तर हे तीन शब्द त्यांच्यापुढे ठेवावेत.

‘हार्मोन’ हा शब्द १९०५ साली इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी ग्रीक क्रियापदावरून वापरात आणला, अर्थ ‘चालना देणे’. मराठीतला ‘संप्रेरक’ त्याच अर्थाचा, प्रेरणा देणारा. पाळी येण्याच्या आधी इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी झपाट्याने खाली येते आणि ज्यांचा मेंदू त्या उताराला संवेदनशील असतो त्यांचं डोकं उठतं. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, आणि तीनपैकी निदान दोन पाळ्यांत असं झालं, तर आम्ही त्याला पाळीशी जोडलेलं मायग्रेन म्हणतो. मनाच्या निर्धाराने इस्ट्रोजेनचा उतार थांबत नाही.

आता हिंगोलीच्या दादांच्या भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. रोज, वर्षानुवर्षं, न विचारता घेतलेल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला इजा होते. मधुमेह, रक्तदाब किंवा आधीच मूत्रपिंडाचा विकार असेल तर लवकर होते. आपल्या भागातल्या मे महिन्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असताना आयबुप्रोफेनसारखी गोळी घेणंही जोखमीचं, आधी पाणी भरून काढायला हवं. उपाशीपोटी तर घेऊच नये. ज्यांना पोटात अल्सर आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

पण ‘सवय’ हा शब्द मला मोजून वापरावासा वाटतो. वेदनाशामकांमुळेच डोकं दुखायला लागतं, हे खरं आहे. साध्या वेदनाशामकांच्या बाबतीत आम्ही ते महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ गोळ्या चालू असतील तेव्हा धरतो. एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या आणि खास मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या असतील तर १० दिवस. महिन्याला तीन-चार दिवस म्हणजे त्या रेषेच्या बरेच अलीकडे. आणि मायग्रेनची गोळी दुखणं चढण्याआधी, सुरुवातीलाच घ्यायची असते. उशिरा घेतली की एक पुरत नाही, दुसरी लागते. म्हणजे ‘कशाला खायलीस’ या वाक्याने गोळ्या कमी होत नाहीत, वाढू शकतात.

‘पेनकिलर’ऐवजी मी ‘वेदनाशामक’ म्हणते. किलर म्हटलं की पेशंटला वाटतं ही गोळी काहीतरी मारते, मग आपल्यालाही मारेल. ‘शम्’ म्हणजे शांत होणे. रडणारं लेकरू शांत करावं तसं.

एक ताकीदही. डोकं अचानक, आधी कधी नव्हतं इतकं दुखलं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर ते अंगावर काढू नका, तडक दवाखाना गाठा. आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या वाकड्या रेषा येत असतील तर गर्भनिरोधक गोळी सुरू करताना डॉक्टरांना ते जरूर सांगा, कारण इस्ट्रोजेन असलेली गोळी अशा बायकांना शक्यतो देत नाहीत. बघा, इथंही ‘गोळी’च.

हिंगोलीहून:

डॉक्टर मॅडम, ते १५ दिवसांचं कुणीच सांगितलं नव्हतं. चुलत्यांचे तीसच्या तीस होते.

लातूरहून, प्रश्न विचारणारी:

काल रात्री जेवताना ह्यांना आत्याबद्दल विचारलं. बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, “तिच्या उशाखाली पाकिटं निघायची.” मी म्हटलं, माझी फ्रिजवर असतात, दिसतील अशी. मग सरांचा प्रश्न विचारला, “सारख्या म्हणजे किती?” म्हणाले, “मी कशाला मोजू?”

पटलं असं म्हणणार नाही. ‘सवय’ हा शब्द अजून त्यांच्या तोंडून गेलेला नाही, आज सकाळीही आलाच. पण त्यांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवून माझ्यापुढं ठेवलं. त्यावर ते दुधाचे खाडे मांडतात, ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेला ‘खा’. बीडच्या ताईंचा खाडा वाचल्यापासून तो शब्द मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. मी मागच्या चार महिन्यांच्या तारखा आठवून लाल पेनानं ‘गो’ लिहीत गेले. तीन, चार, तीन, तीन. ह्यांनी बोट ठेवून मोजलं आणि एका तारखेवर थांबले. तिथं ‘खा’ आणि ‘गो’ दोन्ही होते. म्हणाले, “या दिवशी दूध का नव्हतं घेतलं?” मी म्हटलं, उठताच आलं नव्हतं दार उघडायला.

एक विचारायचं राहिलं. डोकं सुटल्यावर दुसऱ्या दिवशी जो हलका, पोकळ, किंचित रडवेला दिवस असतो, त्याला कुणाच्या भागात शब्द आहे का?