'रूमशाम' म्हणजे नेमकं काय?

जुन्या मराठी कागदांत 'रूमशामचा पातशहा' असं वाचलं. तुर्कस्तानचा सुलतान असावा, हे संदर्भावरून कळतं. पण हे रूम म्हणजे रोम का? आणि शाम कुठली?

प्रतिसाद
रूम म्हणजे रोमच, पण इटलीतलं नव्हे. कॉन्स्टँटिनोपलच्या ज्या पूर्व रोमन राज्याला आपण बायझंटाइन म्हणतो, तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवायचे. 'बायझंटाइन' हे नाव ते राज्य बुडाल्यावर, सोळाव्या शतकात चिकटलं. अरबांच्या तोंडी ते 'रूम'. कुराणातल्या तिसाव्या सुरेचं नावच 'अर-रूम' आहे. (त्यात रूमच्या पराभवाचा उल्लेख आहे, पण तो इराण्यांनी केलेला.)

शाम म्हणजे सीरिया आणि आसपासचा मुलूख. मूळ अर्थ डावीकडचा. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला शाम, उजव्या हाताला येमेन. आपल्या 'दक्षिण'ची जातकुळी तीच, दक्षिण म्हणजे उजवा. संध्याकाळची शाम फारसी, तिचा इथे संबंध नाही.

गंमत अशी, की आपण एका दमात म्हणतो त्या या जोडीची ताटातूट अरबांनीच केली. शाम तोवर रूमच्याच ताब्यात होती. ६३४ मध्ये अजनादैनला रूमी फौज हरली आणि ६३६ च्या ऑगस्टमध्ये यर्मूकला पार मोडली. तिथे नदीच्या खोल घळी आहेत. पळणारे कित्येक जण त्या कड्यांवरून खाली गेले. रूमचा सम्राट हेराक्लियस शाममधल्या अँटिओक शहरातून निघाला. जाताना त्याने शामचा कायमचा निरोप घेतला, असं अरब इतिहासकार रंगवून सांगतात. मला ते जरा नाटकीच वाटतं. पुढे टॉरस डोंगराच्या (आताच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेतल्या) अलीकडे शाम, पलीकडे रूम. ७१७-१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपललाही वेढा पडला, पण शहर टिकलं. रूम आणि शाम पुन्हा एका धन्याखाली आले ते १५१६ मध्ये, रूम आधीच हाती असलेल्या उस्मानी तुर्कांच्या सुलतान सलीमने सीरिया घेतल्यावर. आपल्या कागदांतला 'रूमशाम' तो.

प्रतिसाद
अहमदनगरला १५४९ साली 'मलिक-ए-मैदान' तोफ ओतणारा मुहम्मद बिन हुसेनही 'रूमी'च. आणि काष्ठौषधीच्या दुकानातली रुमी मस्तकी! पिवळसर, काचेसारखे खडे, चघळले की च्युइंगमसारखे चिवट होतात. ग्रीसमधल्या किऑस बेटावरचा डिंक तो.

मूळ प्रश्नकर्ता
आभार! मग रुमालही तिकडचाच का?

प्रतिसाद
नाही हो. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारं.