'कर्जमाफी' म्हणावं का 'कर्जमुक्ती'? ग्रामसभेत यावरच दीड घंटा गेला

कोरडवाहू_कास्तकार
राजेहो एक विचारायचं होतं. आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा, राळेगावकडचं) 15 ऑगस्टची ग्रामसभा झाली, कर्जाचा ठराव घ्यायचा होता. आता ठराव म्हणजे काय, कोणीतरी लिहिन, सगळे सह्या करतीन, तहसीलमध्ये जाईन अन तिथं फाइलीत बसन. पण आमचे एक आबा उठले, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजूनही छातीवर लावतात ते, म्हणे "माफी हा शब्द काटा. माफी कायची? आपण कोणाचा खून केला का? कर्जमुक्ती लिहा." पोट्टे म्हणाले आबा शब्दानं काय होते, खात्यात पैसे आल्याशी मतलब. झालं, दीड घंटा तेच. पाण्याच्या टाकीचा विषय राहूनच गेला.

मी पण तवा पोट्ट्यांच्याच बाजूनं होतो. मग रात्री घरच्या ग्रुपवर पुण्याच्या चुलत भावानं टाकलं, "अजून किती वेळा माफी पाहिजे तुम्हाला." मी उत्तर टाइप करून राहिलो होतो अन लक्षात आलं की माझं प्रत्येक वाक्य "माफी यासाठी पाहिजे की..." असंच सुरू होऊन राहिलं. म्हणजे मी आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा अन मग कैफियत देऊन राहिलो. तर खरंच शब्दानं फरक पडते का, का हे आपलं रिकामटेकडं डोकं आहे?

पानठेला_नं_1
रिकामटेकडं. पैसा कोणत्याही नावानं येऊ दे, म्या घेतो. खैरात म्हना, भीक म्हना, आहेर म्हना.

वसुली_निवृत्त
मी ग्रामीण शाखेत 30 वर्षं काढली, आता वर्ध्याला असतो, म्हणून थोडं बोलतो. कर्जमाफीत बँक कोणालाच माफ करत नाही. सरकार तिजोरीतून पैसे बँकेला देतं आणि बँक तुमच्या खात्यावर बाकी शून्य दाखवते. म्हणजे पैसा जातो बँकेकडे, आणि उपकाराचं ओझं राहतं कास्तकाराच्या डोक्यावर. हे सगळं त्या एका 'माफी' शब्दात झाकलं जातं. 2017 ला योजनेच्या नावात 'सन्मान' होता, 2019 ला 'कर्जमुक्ती' आली, महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना असंच नाव होतं, पण आमच्या काउंटरवर दोन्ही वेळा लोक माफीचा फॉर्म कुठं आहे म्हणूनच विचारायचे. आणि आम्हीपण तेच बोलायचो, खोटं कशाला बोलू.

आता दुसरी बाजू. फेसबुकवर सगळे लिहितात उद्योगपतींचे लाखो कोटी माफ केले. तो शब्द राइट-ऑफ, मराठीत निर्लेखित. त्याचा अर्थ ताळेबंदातून काढलं, कायद्यानं वसुली चालूच राहते. हातात किती येतं ते वेगळं बोलू. पण गंमत बघा, मोठ्या कंपनीच्या कर्जात बँकेनं सोडलेल्या रकमेला 'हेअरकट' म्हणतात. केस कापले, बस. आमच्या माणसाचं झालं की माफी. तेव्हा आबा चुकले नाहीत, पण निर्लेखितला माफी म्हणणारे आपणही तोच खेळ खेळतो.

सोयाबीन_4892
माफीपेक्षा मोठा फसवा शब्द सांगू का, हमीभाव!! इंग्रजीत तो मिनिमम सपोर्ट प्राइस आहे, हिंदीत न्यूनतम समर्थन मूल्य. 'हमी' कुठंच नाही. सरकारी मराठीतही आधारभूत किंमत म्हणतात पण बोलताना सगळे, आमदारापासून माझ्यापर्यंत, हमीभावच. आता हमी म्हणजे काय ते हमीदार झालेल्याले विचारा, शेजाऱ्याच्या लोनवर सही केली अन ज्याची पगार कटते त्याले. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले 4892 होता, मार्केटमध्ये मी 4100 नं ईकलं, व्यापाऱ्याले म्हटलं हमीभाव आहे ना, तो म्हणे मंग सरकारले दे. सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेडच्या सेंटरवर गेलो तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर, वापस. नंतर 15 पर्यंत चालते म्हणून केंद्राचं आलं, तवर माझं सोयाबीन ईकून झालं होतं, दिवाळीचं उधार फेडून झालं होतं.

याचा परिणाम काय होते ते पाहा. शहरातला माणूस ऐकते हमीभाव जाहीर, एवढा वाढवला, त्याले वाटते याइले गॅरंटी आहे अन तरी रडतात. त्याचं चुकत नाही हो. शब्दच तसा ठेवला. 'सरकार जमलं तर या भावानं काही घेईन' असं नाव ठेवलं असतं तर पेपरात छापलं नसतं कोणी.

दोन_हेक्टरच्या_वर
अल्पभूधारक विसरले का. 2008 च्या केंद्राच्या माफीत 2 हेक्टरपर्यंत पूर्ण माफ, त्याच्यावर असलात की तुम्ही 'इतर शेतकरी', म्हणजे आधी तुमच्या वाट्याचे भरा मग सूट. आमचं वावर 7 एकर, सगळं कोरडं, विहिरीले पाणी नाही. पश्चिम महाराष्ट्रात दोन एकर ऊस असलेला अल्पभूधारक अन माझा बाप बडा कास्तकार! गावातले लोक बापाले चिडवायचे, "या जमीनदार."

गुरुजी_वाशीम
यावर प्रयोग झालेला आहे. 1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. सगळ्यांना विचारलं गाड्यांचा वेग किती होता, फक्त क्रियापद बदललं. 'एकमेकींवर जाऊन चेंदामेंदा झाल्या' अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर आलं ताशी 41 मैलाच्या आसपास, 'एकमेकींना लागल्या' म्हटलं तर 32 च्या आसपास. फिल्म तीच. असाच दुसरा गट घेऊन आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? जोरदार शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त लोक हो म्हणाले. काच फुटलीच नव्हती.

तुमच्या चुलत भावाला फुटलेली काच दिसून राहिली एवढंच.

पानठेला_नं_1
गुरुजी लय भारी पण मी अजून तेच म्हनतो पैसा येऊ द्या

भाकर_चटणी
मी बाई आहे म्हणून लाडकी बहिणीवर बोलते, कोणी काढलाच नाही विषय. महिन्याचे 1500 मले भेटतात, कामी येतात, सिलिंडर त्यातच होते, मी नाही म्हणत नाही. पण नाव पाहा. 2024 मध्ये राखीच्या तोंडावर पहिले दोन हप्ते सोबत आले, 3000, तवा सगळीकडं ओवाळणी ओवाळणी. भाऊ म्हटला की हिशोब मागता येत नाही बावा, भावाले कोण पावती मागते? अन हप्ता लेट झाला तर बोंबलताही येत नाही, लोक म्हणतीन भावाले बोलते. तिकडून विरोधातले अन शहरातले म्हणतात रेवडी, म्हणजे मतांसाठी फुकट वाटलेलं. हा शब्द 2022 मध्ये मोदींनीच बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनात काढला होता, तवा दुसऱ्यांच्या योजनांसाठी होता, आता फिरून घरीच आला 😄 एकाच पैशाले एक जण ओवाळणी म्हणते, एक जण रेवडी. दोन्हीत मी हात पसरून उभीच. निंदणाची मजुरी बाप्यापेक्षा कमी भेटते त्याले कोणी शब्द नाही काढला अजून.

(माह्या सख्ख्या भावानं त्या वर्षी साडी नाही घेतली, म्हणे तुले सरकारनं देल्ली.)

वसुली_निवृत्त
ताई, पावतीचं वाक्य जोरदार.

अडत_दुकान
सगळे बोलून राहिले तर माझंही ऐका. मी अडत्या आहे. तुमच्या प्रत्येक भाषणात मी 'दलाल', 'लुटारू'. बी-बियाण्याला उधार पाहिजे तेव्हा मी 'शेठ', पोरीच्या लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची, मोर्च्यात दलाल. मी काटा मारत नाही असा दावा सगळ्या धंद्यासाठी करणार नाही, मारणारे आहेत. पण एकदा दलाल म्हटलं की कोणी हे बघत नाही की भाव मी ठरवतो का बाहेरून आलेलं खाद्यतेल, किती आयात शुल्क आहे, पेंडीला बाहेर मागणी किती. दोषी सापडला, चर्चा संपली. सरकारलाही ते बरंच पडतं.

सोयाबीन_4892
शेठ हे मान्य. पण काटा पण चेक करा.

विदर्भ_एक्स्प्रेस
एक शब्द मात्र आपल्या बाजूनं लागला होता, अनुशेष. कोणता भाग विकासात किती मागं राहिला ते मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालापासून तो घरोघरी गेला. अनुशेष म्हणजे राहिलेलं देणं. 'मागास भाग' म्हटलं की दोष आपला, अनुशेष म्हटलं की उधारी त्यांची. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनीही तेच केलं, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. आबांच्या डोक्यात 'कर्जमुक्ती' तिथूनच आली असणार. फक्त अनुशेष इतका वापरला की आता ऐकून जांभई येते. अन वेगळा विदर्भ म्हणा, लगेच महाराष्ट्र तोडणारे ठरता. रस्ता, सिंचन, नोकरी यावर बोलायचं राहते अन तोडायचं का जोडायचं एवढंच चालते.

गुरुजी_वाशीम
'आत्महत्याग्रस्त जिल्हा' हाही त्यातच घ्या. सरकारी मदतीच्या पॅकेजसाठी तो शब्द आला, पॅकेज संपलं, शब्द चिकटला. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाचं लग्न जिल्ह्याच्या नावावर मोडलं. आणि 'अपात्र आत्महत्या'... समिती बसते, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की नातेवाइकाचं ते बघते, घरच्यांना द्यायच्या एक लाखाच्या मदतीचं प्रकरण मंजूर की नामंजूर. नामंजूर झालं तर कागदावर त्या माणसाचं मरणच अपात्र. यावर मला जास्त लिहवत नाही.

कोरडवाहू_कास्तकार
सगळ्यांचे धन्यवाद. भावाले आज लिहिलं, "माफी बँकेले पैसे देऊन होते, आम्हाले नाही." दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बहुतेक गूगल करून राहिला.

ठरावाचं सांगतो. शेवटी हात वर करून घेतले, कर्जमुक्ती जिंकली, आबांनी टाळी देल्ली. काल ग्रामसेवकाकडून (आता त्याइले ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे, पगार तेच) टाइप केलेली कॉपी आणली. कर्जमुक्ती बरोबर लिहिलं आहे. वर मात्र त्यानं आपल्या मनानं टाकलं, "मायबाप सरकारने कृपाळू होऊन". आबांले अजून दाखवली नाही.