लॉ सीईटीचा अभ्यास कुठून सुरू करू? मदत हवी आहे

शिशिर०७
लॉ सीईटी, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या प्रवेशाची राज्याची परीक्षा, द्यायची आहे. चार पुस्तकं आणली, चारही वेगळंच सांगतात. खुनासाठी एकात कलम ३०२, दुसऱ्यात १०३. पेपर मराठीतून देणार आहे. क्लास लावू की घरी करू, आणि सुरुवात कुठून करू, एवढंच सांगा. फॉर्मचं मला माहीत आहे, ते नको. जरा लवकर सांगा.

वाटसरू
३ वर्षांची की ५ वर्षांची? दोन्ही परीक्षा वेगळ्या, गुणांची वाटणीही वेगळी. पदवी झाली आहे का? प्रवर्ग कोणता?

कलमवाला
तुमची दोन्ही पुस्तकं आपापल्या काळात बरोबर आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये होती, ती आता १०३ मध्ये. ४२० ची फसवणूक गेली ३१८ मध्ये, चोरी ३०३ मध्ये. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. जुनं पुस्तक फौजदारी भागापुरतं बाजूला ठेवा. राज्यघटना, करार, अपकृत्य (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईचा दिवाणी कायदा) यांसाठी ते चालेल. माझं मत विचाराल तर मूळ कायदे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, गाइडवर विसंबू नका.

क्लॅटप्रेमी
सीईटीत कशाला अडकता? क्लॅट द्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटवरच प्रवेश देतात. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. सगळे प्रश्न उताऱ्यावर, त्यामुळे कायदा आधी पाठ असावा लागत नाही.

शिशिर०७
३ वर्षांची. बीए झालं आहे. ओबीसी. नोकरी करतो, त्यामुळे रोज दोन-अडीच तासच मिळतील. पुढे बोला.

वाटसरू
@क्लॅटप्रेमी, ती क्लॅट बारावीनंतरच्या ५ वर्षांच्या अभ्यासक्रमाची. ३ वर्षांच्या एलएलबीला पदवीधर क्लॅटमधून जात नाहीत. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याची परीक्षाही वेगळी, एनएलसॅट. शिशिर यांच्या कामाचं यातलं काही नाही.

मीरा_प
@कलमवाला, दोन-अडीच तासांत मूळ कायदे सबंध वाचायचे? गुण कुठे आहेत ते बघा. ३ वर्षांच्या सीईटीत १२० प्रश्न, १२० गुण:
इंग्रजी ४०
सामान्य ज्ञान व चालू घडामोडी ३२
कायदेविषयक कल २४
तर्क व विश्लेषण २४

म्हणजे कायद्याच्या २४ गुणांसाठी चार जाडजूड पुस्तकं, आणि ७२ गुणांचं इंग्रजी अन् सामान्य ज्ञान शेवटच्या पंधरवड्यावर. मराठी माध्यमाची मुलं नेमकी इथेच मागे पडतात. पेपर मराठीतून घेतला तरी इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच येतो. रोजचा पहिला तास इंग्रजीला द्या: एक उतारा घड्याळ लावून, मग काळ, शब्दयोगी अव्यय, कर्ता-क्रियापदाचा मेळ यांतल्या चुका शोधणं, समानार्थी-विरुद्धार्थी. शब्द सुटे पाठ करू नका, ज्या वाक्यात भेटला ते वाक्यच वहीत उतरवा.

कलमवाला
पण त्या २४ मध्येच पैकीच्या पैकी मिळू शकतात, इंग्रजीत तसं होत नाही.

मीरा_प
मिळतात, पण कलमांच्या पाठांतराने नाही. राज्यघटनेतली मोजकी कलमं पक्की करा: १३, १४, १९, २१, २१क, ३२, ५१क, २२६. केशवानंद भारती (१९७३) आणि मनेका गांधी (१९७८) या खटल्यांत काय ठरलं ते दोन ओळींत सांगता यायला हवं. बाकीचं नियम आणि वस्तुस्थिती जुळवण्याच्या सरावातून येतं. उदाहरण देते.

नियम: जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मिळत नाही.
वस्तुस्थिती: तिकीट काढून सामना बघायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर प्रेक्षागृहाचं कुजलेलं छत कोसळलं.

घाईत मुलं ‘भरपाई नाही’वर खूण करतात, कारण ‘सामना’ वाचलं की षटकाराचा चेंडू आठवतो. चेंडू लागण्याचा धोका त्याने पत्करला होता, छत कोसळण्याचा नाही. भरपाई मिळेल. प्रत्येक प्रश्नात ‘नेमका कोणता धोका पत्करला?’ असं नियमातल्या शब्दावर बोट ठेवून विचारायचं.

वाटसरू
मीराताईंशी सहमत. आणखी एक: या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. दोन तासांत १२० प्रश्न, म्हणजे मिनिटाला एक असा हिशेब पडतो. तर्काच्या बैठकरचनेच्या कोड्यात अडकलात तर खूण करून पुढे सरका, आणि शेवटची तीन-चार मिनिटं उरलेल्यांवर खुणा करायला राखून ठेवा.

शिशिर, पदवी कुठली, किती टक्के, ते राहिलंच.

शिशिर०७
मुक्त विद्यापीठ, नाशिक. ४४.६ टक्के. त्याचा अभ्यासाशी काय संबंध? क्लासचं कोणीच बोललं नाही.

वाटसरू
संबंध आहे, आणि अभ्यासाच्या आधी आहे.

पहिलं: बारावी करून मुक्त विद्यापीठात गेलात, की पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट बीएला? बार कौन्सिलच्या नियमानुसार बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी एलएलबीला चालत नाही. बारावीनंतरची चालते.

दुसरं: खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. ४४.६ चे ४५ धरत नाहीत. म्हणजे तुमची पात्रताच ओबीसी असण्यावर उभी आहे. कागदपत्र तपासणीत जात वैधता (जातीचा दाखला पडताळून मिळणारं प्रमाणपत्र) किंवा नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला) कमी पडलं की उमेदवाराला खुल्या प्रवर्गात टाकतात. दुसरा खुल्यात जाऊनही टिकेल, तुम्ही सरळ अपात्र ठराल, सीईटीत कितीही पर्सेंटाइल असो.

न्यायमार्ग
शिशिर, एलएलबीनंतर न्यायाधीश व्हायचा विचार असेल तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. निकाल लागल्याबरोबर परीक्षा देता येणार नाही. वकिलीसाठी अखिल भारतीय बार परीक्षाही लागेल.

मीरा_प
ते पुढचं पुढे. आधी प्रवेश होऊ दे.

शिशिर०७
बारावी कॉमर्स झाली आहे. जातीचा दाखला आहे. वैधता नाही, कधी लागलीच नाही. नॉन-क्रिमीलेअर कॉलेजच्या वेळी काढलं होतं. माझा पगार आहे म्हणून आता मिळणार नाही का?

वाटसरू
बारावीचा प्रश्न मिटला. नॉन-क्रिमीलेअरला तुमचा पगार बघत नाहीत, आईवडिलांची स्थिती बघतात. मर्यादा ८ लाख, आणि त्यात आईवडिलांचा पगार व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. मात्र पालक वरच्या श्रेणीचे सरकारी अधिकारी असतील तर नियम वेगळा. जुना दाखला उपयोगाचा नाही, मुदत संपली असेल. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकारवरून नवा काढा.

वैधतेला वेळ लागतो, म्हणून आजच हात घाला. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात पडताळणी समितीकडे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा हवा: आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. सोबत वंशावळीचं शपथपत्र. अर्ज अडकतो तो बहुधा आडनावामुळे. जुन्या उताऱ्यात नुसतं नाव आणि जात असते, आडनाव नसतं किंवा वेगळं असतं. तो फरक शपथपत्रात आधीच स्पष्ट लिहा, नाहीतर त्रुटी निघून फाइल परत येते.

मीरा_प
वडील, सख्खे काका, आत्या, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाची वैधता झाली आहे का? वडिलांकडचं रक्ताचं नातं असेल तर ते प्रमाणपत्र जोडा, काम बरंच सोपं होतं.

आणि क्लासचं: तर्क आणि इंग्रजी घरी जमत नसेल तरच लावा. निव्वळ कायद्यासाठी नको. सराव पेपर मात्र संगणकावर, सलग दोन तास बसून सोडवा.

कलमवाला
नोकरीचंही बघा. एलएलबी नियमित अभ्यासक्रम आहे, प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. दूरस्थ पद्धतीची एलएलबी वकिलीला चालत नाही.

शिशिर०७
काकांच्या मुलीची वैधता आहे, सख्ख्या काकांच्या. ती चालेल? हजेरीचं माहीत आहे, प्रवेश मिळाला तर नोकरी सोडणार आहे.

वाटसरू
जोडा, वडिलांकडचंच नातं आहे. तिच्या प्रमाणपत्राची प्रत, तिचं शपथपत्र आणि दोघांना जोडणारी वंशावळ, तिन्ही लागतील. तिच्या फाइलमधला आजोबांचा उताराही मागून घ्या, तोच तुम्हाला लागणार आहे.

फॉर्मचं माहीत आहे म्हणालात, तरी सांगतो. सीईटीचा अर्ज वेगळा आणि निकालानंतरचा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा अर्ज वेगळा. दुसरा राहिला तर सीईटीचे गुण नुसते कागदावर राहतात. त्यात पसंतीक्रम मनापासून हव्या त्या क्रमाने भरा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही.

शिशिर०७
उद्या सुट्टी टाकून बहिणीकडे जातो. तिच्या दाखल्यावर आडनाव आमच्यासारखंच आहे, पण आजोबांच्या उताऱ्यावर नुसतं ‘रामा सखाराम’ आहे असं ती म्हणते.

वाटसरू
मग वंशावळीत ‘रामा सखाराम’ म्हणजेच पुढे आडनाव लावणारे आजोबा, असं एक वाक्य घाला, आणि ज्या कागदावर त्यांचं नाव आडनावासह आहे असा एक, सातबारा किंवा फेरफार, सोबत लावा.