पोत्सुओलीला जावं का? धक्क्यांची भीती वाटते

तेरणाकाठ
नमस्कार. मुलगा नेपल्सला शिकायला आहे, दिवाळीनंतर मी आणि हे जातोय. समुद्राकाठचं एक जुनं गाव बघायचंय. मुलगा पोत्सुओली म्हणतो, पण तिथं सारखे भूकंपाचे धक्के बसतात म्हणे. सासर तेरचं असलं तरी माझं माहेर किल्लारीजवळ. 1993 ची ती पहाट अजून मनातून जात नाही, रात्री भांडं वाजलं तरी उठून बसते. जाऊन आलेल्यांनी खरं सांगा. आम्ही शाकाहारी, ह्यांचे गुडघे दुखतात.

औसेकर
ताई, लेकीकडे गेलो तेव्हा एक दिवस तिथं काढला. भीती खोटी नाही. मार्च 2025 मध्ये रात्री 4.6 तीव्रतेचा धक्का बसला होता. गावच ज्वालामुखीच्या खोलगट मुखात वसलंय. खालून रेटा आला की जमीन फुगते, ओसरला की खचते. 1982 ते 84 या काळात ती पावणेदोन मीटरच्या वर उचलली गेली.

पण बघायचं तेच आहे. बंदराजवळ रोमन बाजाराचे अवशेष आहेत, त्यात तीन संगमरवरी खांब उभे. खाली गुळगुळीत, आणि दोन पुरुष उंचीवर वाळवीनं खाल्लेल्या तुळईसारखा पट्टा, नुसती भोकं. समुद्रातल्या शिंपल्यांनी दगड पोखरलाय! म्हणजे खांब तिथवर पाण्यात गेले, पुन्हा वर आले, तरी पडले नाहीत. आपली माळवदं एका पहाटेत खाली आली हो. कठडा धरून उभा होतो, पाय निघेना.

शेजारी रिओने तेर्रा ही जुनी वस्ती. मार्च 1970 मध्ये माणसं हलवून रिकामी केली होती. ते वाचलं आणि भूकंपानंतरची आपली पत्र्याची शेडं आठवली.

दोन नंबरच्या मेट्रोनं गेलात तर येताना चढ लागतो. कुमाना गाडी बंदराजवळ सोडते, चालू आहे का ते मुलाला विचारा. जेवायला मरिनारा पिझ्झा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो. मासळी नाही, चीजही नाही.

जुनी_नाणी
वहिनी, तेरच्या आहात तर नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका. पाँपेईत 1938 साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती तिथं आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली आपली हस्तिदंती बाहुली आधी नीट बघून जा, घडण जुळते. रोमन काळात पूर्वेकडचा माल पोत्सुओलीच्याच बंदरात उतरायचा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं.

तेरणाकाठ
काका, खांबांचं ह्यांना वाचून दाखवलं. जाऊ. मुक्काम मात्र तिथं करणार नाही, दिवस मावळायच्या आत परत. बाहुली उद्याच बघून येते, घरापासून चालत जाता येतं.