'ते' म्हणजे नेमकं काय?

इथे कोणीतरी म्हटलंय की राष्ट्राध्यक्ष वारला की उपराष्ट्राध्यक्ष आपोआप राष्ट्राध्यक्ष होतो, हे अमेरिकेच्या घटनेत पहिल्यापासून आहे. थोडी दुरुस्ती. मूळ वाक्य एवढंच, की राष्ट्राध्यक्षाचं पद रिकामं झालं तर 'ते' उपराष्ट्राध्यक्षाकडे जाईल. 'ते' म्हणजे पद, की नुसतं कामकाज? कोणालाच ठाऊक नव्हतं!

१८४१ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन शपथेनंतर महिन्याभरात गेले आणि प्रश्न अंगावर आला. जॉन टायलर यांनी वाद घालत न बसता सरळ शपथ घेतली. 'हंगामी राष्ट्राध्यक्ष' असा पत्ता घालून आलेली पत्रं ते न उघडताच परत पाठवत म्हणे. गडी खमक्या! पुढे हाच पायंडा पडला, पण घटनेत स्पष्ट शब्दांत यायला १९६७ ची २५ वी दुरुस्ती उजाडली.

त्याच दुरुस्तीने रिकामं उपराष्ट्राध्यक्षपद नेमणुकीने भरायची सोय केली. म्हणून तर जेराल्ड फोर्ड दोन्हीपैकी एकाही पदावर निवडून न येता १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि १९७० च्या दशकातले अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर राष्ट्राध्यक्ष होऊ शकले असते का, असं विचारलंय त्यांना: परराष्ट्रमंत्री वारसांच्या रांगेत चौथा, उपराष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृहाचे सभापती आणि सिनेटचे हंगामी अध्यक्ष यांच्यानंतर. पण किसिंजर जन्माने जर्मन, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठीची 'जन्मतः नागरिक' ही अट हुकली. त्यांना ओलांडून पाळी थेट अर्थमंत्र्यावर गेली असती. प्रागमध्ये जन्मलेल्या, नंतरच्या परराष्ट्रमंत्री मॅडलीन ऑलब्राइट यांचंही तेच.