चतुर्थ वार्षिक आकारणी: घरपट्टी ठरते कशी आणि हरकत नेमकी कशावर घ्यायची?

प्रश्न (यादोगोपाळ पेठ, सातारा)
नवीन आकारणीच्या विशेष नोटिशीत करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर लावतात ती) वाढलेलं असतं, पण कराची टक्केवारी जुनीच असते. मग पट्टी कुणी वाढवली म्हणायची? पालिका अंदाजपत्रकातला खर्च मिळकतींवर वाटून टाकते का? आणि हरकतीच्या अर्जात काय लिहिलं तर उपयोग होतो?

उत्तर 1 (आकारणीवाला)
खर्च वाटून टाकत नाहीत. आपल्याकडचं गणित मूल्य गुणिले दर असं आहे. दर म्हणजे कराची टक्केवारी, ती पालिकेचं सभागृह ठरावाने ठरवतं (सभागृह नसेल तेव्हा प्रशासक). मूल्य ठरतं आकारणी यादीत, आणि ही यादी साधारण दर चार वर्षांनी नव्याने होते. म्हणून दराचा एकही ठराव न होता पट्टी वाढू शकते.

आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय. 60 चौ.मी.चं आरसीसी घर, भाडेदर महिना चौ.मी.ला 15 रुपये धरला, तर वर्षाचं भाडेमूल्य 10,800. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, म्हणजे करयोग्य मूल्य 9,720. संकलित कर (सगळे मिळून एकच लावलेला घरपट्टीचा कर) 25 टक्के धरला तर 2,430 रुपये. याच घराची नोंद चुकून 72 चौ.मी. झाली, तर कर 2,916 होतो. वर्षाला 486, चार वर्षांत 1,944 रुपये जादा, तेही निव्वळ फितीच्या चुकीने.

म्हणून आधी मोजणी पत्रकाची प्रत मागा आणि खोलीनिहाय मापं स्वतः घेऊन ताडून बघा. उघडी गच्ची, जिना किंवा पार्किंग घराच्याच दराने धरलंय का? पत्र्याच्या शेडला आरसीसीचा दर लागलाय का? इमारतीचं वय बरोबर आहे का? सर्वांत महाग पडणारी चूक वापराची. खाली एक दुकान असलं की कधी कधी वरचा राहता मजलाही बिगरनिवासी लागतो, आणि मग भाडेदरही बदलतो, शिक्षण कराचा टप्पाही बदलतो.

उत्तर 2 (सदरबझार)
मुदत सांभाळा. नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 119 खाली हरकतीला किमान 30 दिवस मिळतात. "कर फार झाला, कमी करावा" एवढंच लिहिलेला अर्ज सुनावणीत टिकत नाही, कारण समोरचा अधिकारी मूल्य तपासायला बसलेला असतो, दर बदलायचा अधिकार त्याला नसतो. अर्जात नोंदलेलं क्षेत्र, प्रत्यक्ष क्षेत्र आणि फरक असे आकडे द्या. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जुना असेसमेंट उतारा, भाडेकरू असल्यास भाडेकरार जोडा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. निकाल पटला नाही तर कलम 169 खाली अपील आहे.

वाद चालू आहे म्हणून अख्खं बिल थकवणं मात्र धोक्याचं. थकबाकीवर महिना 2 टक्के शास्ती चढते, आणि 486 रुपयांच्या भांडणात तीच मोठी होऊन बसते.

उत्तर 3 (विश्रामबाग, सांगली)
सांगली-मिरज-कुपवाड महापालिका असल्याने इथे 1949 चा महापालिका अधिनियम लागतो. कलम 99 प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर स्थायी समितीच्या प्रस्तावावर महासभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. दराबद्दल बोलायचं असेल तर नगरसेवकाला जानेवारीतच गाठा. एप्रिलमध्ये बिल हातात आल्यावर त्या वर्षाचा दर ठरून गेलेला असतो. महापालिकेचा मालमत्ता कर 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर अशा दोन सहामाहींत देय होतो.

बिलातली प्रत्येक ओळ वेगळी वाचा. सामान्य कर, पाणीपट्टी, सफाई कर हे महापालिकेचे. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर राज्याचा. महापालिका तो फक्त गोळा करून भरते. महासभेने कितीही ठराव केले तरी त्या ओळी हलत नाहीत. मात्र करयोग्य मूल्य दुरुस्त झालं की सामान्य कराची ओळ आपोआप खाली येते.

उत्तर 4 (आकारणीवाला)
एक राहिलं. बांधकाम पाडलं असेल किंवा दुकान बंद करून तिथे राहायला सुरुवात केली असेल तर चार वर्षं थांबू नका. लगेच लेखी कळवा, चालू यादीतही दुरुस्ती करता येते. फोटो आणि त्या जागेचं वीजबिल जोडा. घरगुती दराचं वीजबिल हा वापराचा चांगला पुरावा ठरतो.