सहकारी मैत्रिणीसाठी खोटी सही करायची का? इफिसकरांस 5:9 कामाच्या ठिकाणी कसं जगायचं

पहाटतारा
सगळ्यांना जय ख्रिस्त. एक गोष्ट मनात घोळतेय, मोकळेपणाने सांगा प्लीज. माझ्यासोबत काम करणारी एक जण आहे, तिची आई अंथरुणाला खिळलेली, घरी बघणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे ती बरेचदा ड्युटी सुटायच्या आधीच निघून जाते आणि रजिस्टरमध्ये जायची वेळ आणि सही तिच्या नावाने दुसरं कोणीतरी करतं. आतापर्यंत जी करायची तिची बदली झाली, आता मला विचारलंय. मी अजून हो पण म्हटलं नाही आणि नाही पण.

बायबल स्टडीत नुकताच इफिसकरांस (प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र) 5 वा अध्याय झाला, प्रकाशाचं फळ म्हणजे चांगुलपणा, नीतिमत्त्व आणि सत्य. ऐकताना किती छान वाटतं. पण इथे माझ्यासमोर तिघांचंच जुंपलंय, सही केली तर चांगुलपणा होतो पण सत्य जातं, नाही म्हटलं तर सत्य राहतं पण त्या आजारी आईचं काय? एक बहीण म्हणते प्रीती सगळ्यात मोठी, करून टाक. दुसरी म्हणते 11 व्या वचनात अंधाराची कामं उघडी करा असं लिहिलंय, सरळ वर कळव. मला दोन्ही पटत नाहीये.

द्राक्षवेल
जय ख्रिस्त ताई. दोन्ही पटत नाहीये हे बरंच आहे. मला वाटतं तिघांचं भांडण लागल्यासारखं दिसतं कारण आपण सही करण्याला चांगुलपणा म्हणतोय. जरा एक अध्याय मागे जा, 4:28 बघा. पौल म्हणतो चोरी करणाऱ्याने आता चोरी करू नये, उलट आपल्या हातांनी कष्ट करावे, का तर गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काहीतरी असावं. म्हणजे नुसतं चोरी बंद कर एवढ्यावर तो थांबत नाही, द्यायचं ते स्वतःच्या कष्टातलं दे इथपर्यंत नेतो. नीतिमत्त्व आणि चांगुलपणा एकाच वाक्यात आले बघा.

खोट्या सहीत तुमचं काहीच जात नाही, तुम्ही जो वेळ देताय तो मालकाचा आहे. त्याऐवजी तिच्या शेवटच्या तासाचं काम मी उचलते, तुम्ही तिला लवकर सोडा असं दोघींनी मिळून साहेबांना विचारलं तर? तिथे तुमचा घाम जाईल. सुट्टीच्या दिवशी आईजवळ बसायला गेलात तर तुमची विश्रांती जाईल. चांगुलपणा आहे तो इथे आहे.

आणि इफिसमधल्या विश्वासणाऱ्यांना प्रकाशात चालणं फुकट पडलं नव्हतं. प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये आहे, जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, किंमत काढली तर 50,000 चांदीची नाणी निघाली. विकून पैसे गाठीला बांधता आले असते की, पण मग ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरात गेली असती. हे पत्र लिहिताना पौल स्वतः कैदेत होता हेही लक्षात ठेवा, तो आरामात बसून उपदेश करत नव्हता.

साधा विश्वासी
मला 11 व्या वचनाबद्दल बोलायचंय कारण ते फार वापरलं जातं, आणि खूपदा राग काढायला वापरलं जातं. पुढचंच 12 वं वचन वाचा, गुप्तपणे चाललेल्या गोष्टींचा उच्चारही लाजिरवाणा आहे म्हणतो. मग उघडं करणं म्हणजे चारचौघांत बोभाटा करणं असं कसं असेल? मत्तय 18:15 मध्ये प्रभूनेच क्रम सांगितलाय, आधी चुकलेल्या भावाकडे जा, एकांतात, दोघंच. त्या बहिणीशी एक शब्द न बोलता वर तक्रार गेली तर बोललेलं सगळं खरं असेल, पण त्यात प्रीती नसेल, आणि इफिसकरांस 4:15 मध्ये पौल सत्य आणि प्रीती दोन्ही एकत्रच मागतो.

योसेफाचं उदाहरण मला फार आवडतं. मत्तय 1:19. त्याचं मरीयेशी लग्न ठरलंय, ती गर्भवती आहे एवढंच त्याला कळलंय, स्वर्गदूत अजून यायचाय. तो नीतिमान होता असं लिहिलंय आणि लगेच पुढे काय, तर तिची बेअब्रू करायची त्याची इच्छा नव्हती म्हणून गुपचूप सोडायचा विचार केला. आपल्याकडे नीतिमान माणूस म्हटला की कडक, बोट दाखवणारा असा डोळ्यापुढे येतो. शास्त्रात तसं नाहीये.

मोहरीचा दाणा
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक भर. अशा वेळी आपण लगेच नियम शोधतो की हे चालतं का ते चालत नाही. इफिसकरांस 5 मधलंच 10 वं वचन म्हणतं प्रभूला काय आवडतं ते पारखून घ्या. म्हणजे तयार उत्तर नाही, दर वेळी त्याच्यासमोर बसावं लागतं. त्यामुळे ताई तुम्ही जी थांबून विचार करताय ना, तेही आज्ञापालनच आहे, हो म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं.

पहाटतारा
थँक्यू सगळ्यांना, खरंच. सही नाही करायची हे पक्कं झालं. पण आधीचे जे तास झाले त्याचं काय? साहेबांकडे गेलो तर तो विषय निघणारच, आणि तिने मला विचारलं की मागचं पण सांगायचं का तर मी काय बोलू? ती आधीच इतकी दमलेली आहे हो.

द्राक्षवेल
जक्कयाची गोष्ट घ्या, लूक 19, तो श्रीमंत जकातदार. नियमशास्त्रात स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने पूर्ण भरपाई करून वर पाचवा हिस्सा द्यायचा होता, गणना 5:7. जक्कय तर ज्यांना फसवलं त्यांना चौपट द्यायला तयार झाला, वर अर्धी मालमत्ता गरिबांना. पण त्याला कोणी हिशेब मागितला होता का? येशूने यादी काढली नाही, आज मला तुझ्या घरी उतरायचंय एवढंच म्हणाला, लोक कुरकुरत होते तरी गेला. परतफेडीचं त्यानंतर जक्कय स्वतःच बोलला.

म्हणून मागचं सांगायचं की नाही हे तुम्ही तिच्यावर लादू नका. तुमचं खरेपण तुमच्या हातात आहे, तुम्हाला थेट विचारलं तर खोटं बोलू नका, हे तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर दगा दिल्यासारखं तिला वाटणार नाही. बाकी तिच्या मनात पवित्र आत्म्याला काम करू द्या. इफिसकरांस 2:8 ते 10 तिला वाचून दाखवता आलं तर बघा, तारण कृपेने आहे, सत्कृत्यं त्या मागून येतात, भरपाई करून कोणी देवाचं लेकरू होत नाही.

साधा विश्वासी
आणि पहिलं बोलणं रजिस्टरवरून सुरू करू नका बरं का. आधी आईची विचारपूस करा, घरी येऊ का विचारा. साहेबांकडे सोबत गेलात तर तिलाच बोलू द्या, तुम्ही फक्त तिच्या कामाचा कोणता भाग घ्याल ते नीट सांगा, मोघम मदत करते म्हटलं तर साहेब लोक ऐकत नाहीत.

पहाटतारा
हे जमेल. संध्याकाळची एंट्री आणि चाव्या जमा करणं ही दोन कामं मी घेऊ शकते, तेवढ्याने तिला निघता येईल. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी बोलते, प्रार्थनेत ठेवा.